ताटाबाहेरची मासळी

२०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा केले. दोनच महिन्यांनी अहमदाबादला भरलेल्या मत्स्यव्यवसाय परिषदेत गुजरातने तो मान घोळ माशाला दिला. दोन्ही निवडींची कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. पापलेट कमी होत चालले आहे, ते राखायला हवे. घोळीचे मांस परदेशी जाते, आणि तिच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, असा भाव येतो की एका फेरीत चार घोळी सापडल्या तर नाखव्याचे वर्षाचे कर्ज फिटते. तरीपण दोन शेजारी राज्यांनी निवडलेले हे दोन्ही मासे बाजारात भाव विचारून पुढे सरकायचे मासे आहेत. बोंबील, जवळा, मांदेली, ढोमा यांचे नाव त्या वेळी कोणाच्या तोंडी आल्याचे ऐकले नाही. या पुस्तकाचा विषय तर त्याहून खालच्या पायरीवरचा आहे. भाव विचारण्यापर्यंतही जी मासळी पोहोचत नाही, जाळ्यातून निघून थेट फावड्यावर जाते, तिच्याबद्दल हे पुस्तक आहे.

दुर्लक्षित मासळीचा उपयोग करा, असे सांगणारी पत्रके आणि प्रशिक्षणवर्ग आपल्याकडे कमी झाले नाहीत. त्यांचा सूर बहुधा एकच असतो: लोकांना कळत नाही, आपण शिकवू, लोणचे घाला, वडे करा, पापड लाटा. या लेखसंग्रहात तो सूर फारसा नाही, म्हणून प्रस्तावना लिहायला मी होकार दिला. लिहिणाऱ्यांत बंदरावरची माणसे आहेत, कोळंबीची तळी सांभाळणारे आहेत आणि सुकटीवर वाढलेल्या घरांतल्या बायका आहेत. शिकवण्याचा आव कोणी आणलेला नाही.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ही मासळी वाया जाते त्याचे कारण तिच्या चवीत फार कमी वेळा असते. ते बर्फात, जागेत आणि वेळेत असते. आणि तिला भाव आला की सगळे मार्गी लागते, हेही खरे नाही. भाव कोण देतो, खाणारा माणूस की मासळी दळून भुकटी करणारी गिरणी, यावर पुढचे सगळे ठरते.

बंदरावर जिला कोणी कचरा म्हणतात, कोणी कुटा, ती कशी तयार होते ते पाहण्यासारखे आहे. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदरचे ट्रॉलर एकदा निघाले की दहा-पंधरा दिवस परतत नाहीत. निघताना खणात बर्फ भरून घेतलेला असतो. तो मोजका, आणि रोज थोडा थोडा वितळणारा. जाळे तळावरून ओढत नेले की त्याच्या शेपटाकडच्या पिशवीत जे सापडेल ते वर येते, आणि डेकवर पिशवीची गाठ सोडली की ढीग पडतो. त्यात कोळंबी असते, माकूळ असते, एखादे पापलेट असते. बाकीच्या ढिगात बोटभर ढोमे, राणी माशाची आणि वाकटीची पिल्ले, चोर बोंबील, कुर्ल्यांची पोरे, शिंपले, तुटक्या पायांचे झिंगे, आणि मधूनच एखादा समुद्री साप. खलाशी गुडघ्यावर बसून हाताने निवडतात. फेरीच्या पहिल्या दिवसांत निवडून उरलेला ढीग बहुतेक वेळा फावड्याने समुद्रात परत जातो. त्याला बर्फ दिला तर पुढच्या दिवसांच्या कोळंबीला काय द्यायचे? परतीच्या एक-दोन दिवसांत मात्र तोच ढीग ठेवून घेतात, कारण आता नासायला वेळ उरलेला नसतो आणि खणात जागा रिकामी असते. ठेवतात म्हणजे काय, न धुता, बर्फाशिवाय, एकावर एक दाबून. बंदराला लागेपर्यंत खालच्या थराचा लगदा झालेला असतो. मग तो माणसाने खाण्याच्या लायकीचा राहत नाही, हे खरेच. पण गाठ सोडली त्या क्षणी तो तसा नव्हता. सोमवारी जाळ्यात आलेला ढोमा आणि पुढच्या गुरुवारी आलेला ढोमा एकाच समुद्रातला. पहिला पाण्यात गेला, दुसरा गिरणीत.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या ट्रॉलरांच्या उतरलेल्या मासळीत या कुट्याचा वाटा मोजला तेव्हा तो २००८ मध्ये १४ टक्के होता, २०११ मध्ये १८ टक्क्यांवर गेला. समुद्रात परत टाकलेले यात धरलेले नाही. जगाचा हिशेब जागतिक अन्न व कृषी संघटनेने तीनदा मांडला. १९९४ च्या अहवालात दर वर्षी फेकल्या जाणाऱ्या मासळीचा अंदाज २ कोटी ७० लाख टन होता, २००५ च्या अहवालात ७३ लाख टन आणि २०१९ च्या अहवालात ९१ लाख टन. पहिल्या दोन आकड्यांमधली घसरण पाहून हुरळून जाऊ नये. मोजण्याची रीत बदलली हे एक कारण. दुसरे कारण आशियातल्या बंदरांवर उघड्या डोळ्यांनी दिसते: पूर्वी जे पाण्यात जाई ते आता किनाऱ्यावर येते आणि दळले जाते. फेकणे थांबले याचा अर्थ सत्कारणी लागले असा नव्हे.

आता सुरतेकडे येतो. इथून कोणी मासळीवर लिहावे याचे बाहेरच्यांना नवल वाटते. कापड, हिरे, लोचो आणि पोंक यांच्यापुढे या शहराची ओळख सरकत नाही, आणि गुजरात म्हणजे शाकाहारी ही समजूत तर अगदी घट्ट बसलेली आहे. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत या राज्यातल्या पंधरा वर्षांवरच्या माणसांपैकी साधारण ६१ टक्के शाकाहारी निघाली. उरलेल्या ३९ टक्क्यांचा विचार सहसा कोणी करत नाही, आणि त्यांच्यापैकी बरेच जण सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहतात असे मला दिसते. जळगाव, धुळे, नंदुरबारहून यंत्रमागावर कामाला आलेल्या माणसांच्या या वस्त्या. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने माणसे आली, आणि त्यांच्यामागून त्यांची जीभही आली. खान्देशाला समुद्र नाही. पण आठवडे बाजारात सुक्या मासळीची ओळ नसेल तर तिथे तो बाजार पुरा भरला असे कोणी म्हणत नाही, आणि इकडेही तसेच आहे.

त्या ओळीत गिऱ्हाईक कसे घेते ते बघावे. बाई सुकट मुठीत घेते आणि मूठ सैल सोडून दोन बोटांतून परत पोत्यावर पडू देते. तळहातावर काय राहिले ते बघते. वाळू राहिली तर भाव उतरवायचा. मग चार दाणे नखाने मोडते. कडक तुटले तर ठीक, वाकले तर माल सादळलेला. रंग लालसर हवा, काळपट नको. शेवटी वास. बाहेरच्या माणसाला सगळ्याच पोत्यांचा एकच वास येतो, तिला मात्र चार पोत्यांचे चार वास येतात. बोंबील घेताना ती लांबी बघत नाही, डोक्याजवळ दाबून बघते, कारण कीड तिथून सुरू होते. घरी आल्यावर सुकट कोरड्या तव्यावर भाजायची, सुपात पाखडायची, मग दोन-तीन पाण्यांतून काढायची आणि तरी शेवटचा घास कचकचला तर पोरे ओरडणार. लसूण, सुकी मिरची, कांदा, वरून थोडे तेल, आणि कळण्याची भाकरी. मूठभर सुकटीत पाच माणसे जेवतात. वजनात निम्म्याहून जास्त प्रथिने असलेला आणि कवचासकट पोटात जात असल्यामुळे कॅल्शियमही देणारा इतका स्वस्त पदार्थ यंत्रमाग कामगाराच्या घरात दुसरा नाही.

सुकट म्हणजे जवळा वाळवलेला. करंगळीच्या पेरापेक्षा फार मोठा न होणारा हा जीव गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत टनावारी येतो. तो खत म्हणूनही गेला, कोंबड्यांच्या खाद्यातही गेला. तरी त्याचा माणसांच्या ताटाशी संबंध तुटला नाही, आणि याचे श्रेय घाटावरच्या, विदर्भातल्या आणि खान्देशातल्या गिऱ्हाइकांचे आहे. बोंबलाचेही तेच. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. सकाळचा ताजा बोंबील दुपारी हातात धरवत नाही. त्याला टिकवायची युक्ती कोळ्यांनी आणि सौराष्ट्रातल्या मच्छीमारांनी किती जुनी शोधली कोण जाणे. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची. खाली वाळू नाही, वर वारा आहे, आणि तीन-चार दिवसांत काम झाले. जाफराबाद आणि नवाबंदरकडचा असा माल आजही सुरतेच्या बाजारात येतो.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत उतरला आणि पुढे सुरतेच्या वखारीतही राहिला. माझगावचे वर्णन करताना त्याने बोंबलाची आठवणीने नोंद केली, आणि तो गोरगरिबांचा आधार आहे असे लिहून ठेवले. साडेतीनशे वर्षे झाली, अजून ते विधान खोटे ठरलेले नाही. गोरगरिबांचे म्हणून हिणवण्याचीही गरज नाही. सुरत-नवसारीच्या पारशांनी सुक्या बोंबलाचा तारापोरी पातियो करून त्याला मान दिला. १९९७ मध्ये युरोपीय संघाने आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून सुक्या बोंबलाची आयात बंद केली तेव्हा ब्रिटनमधल्या खवय्यांनी तो परत यावा म्हणून चळवळ केली, आणि बंदी उठली. वासावरून भाडेकरूला घर नाकारणाऱ्या आपल्याकडच्या सोसायट्यांनी हे ऐकावे.

तापीच्या मुखाशी चिखलावर राहणारा लेवटा याच यादीतला. मुंबई-वसईकडे त्याला निवटी म्हणतात. डोळे डोक्यावर, अंग बुळबुळीत, ओहोटीला चिखलावरून उड्या मारत जाणारा. हा मासा आहे यावरच पाहणाऱ्याचा पटकन विश्वास बसत नाही. बर्फाची त्याला गरज नाही, कारण ओलसर राहिला तर तो पाण्याबाहेर तासन्तास जिवंत राहतो. बिळात कोपरापर्यंत हात घालून तो पकडतात, आणि दक्षिण गुजरातेत तो आवडीने खाल्ला जातो. जिथे त्याची ओळख नाही तिथे लोक त्याच्याकडे बघून तोंड फिरवतात. एकाचे पक्वान्न ते दुसऱ्याला ओंगळ, असे चालायचेच. पण हजिऱ्याच्या बाजूला कारखाने आणि धक्के उभे राहिले तसतसा चिखलाचा पट्टाच आक्रसत गेला. त्याची चव कितीही वाखाणली तरी त्यावर उपाय होत नाही.

सुरतेचा या विषयाशी खरा आणि मोठा संबंध शहराबाहेर आहे, ओलपाड आणि चोर्यासीच्या खाजणांत. गुजरातेतली कोळंबीची तळी प्रामुख्याने सुरत, नवसारी, वलसाड, भरूच या जिल्ह्यांत आहेत. अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची व्हेनामी कोळंबी पाळायला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि पाहता पाहता मिठागराच्या, पडीक जमिनीच्या कडेला पाण्यात हवा मिसळणाऱ्या चाकांचे आवाज सुरू झाले. रात्रीच्या वेळी त्या रस्त्याने गेलात तर मैलभर तोच आवाज ऐकू येतो. ही कोळंबी पाकिटबंद होऊन परदेशी जाते. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले तेव्हा ओलपाडच्या तळ्यांवर त्याची झळ लागलीच बसली.

कोळंबी खाते काय? तिच्या गोळीखाद्यात सोया, गहू, आणि मासळीची भुकटी. वेरावळ, रत्नागिरी, मंगळूर या भागांतल्या गिरण्यांत मासळी शिजवून, दाबून, वाळवून ती भुकटी करतात, आणि एक किलो भुकटीला चार-पाच किलो ओली मासळी लागते. एक किलो व्हेनामीला दीड किलोच्या आसपास खाद्य लागते. त्यात पाचवा हिस्सा भुकटी धरली तर ३०० ग्रॅम, म्हणजे सव्वा ते दीड किलो ओली मासळी झाली. ही मासळी सगळी कुट्यातली नसते; तारली असते, प्रक्रिया कारखान्यांतली डोकी-शेपट्या असतात, आणि त्यांचा असा उपयोग होणे चांगलेच. पण खलाशाने परतीच्या वाटेवर बर्फाशिवाय ठेवलेला तो ढीगही त्यात असतो, आणि त्यातला बराचसा माणसाने खाण्यासारखा होता. मासा दळून मासा करण्यात काहीतरी बुडतेच. ओलपाडच्या तळ्यावरचा मजूर रात्री घरी जाऊन सुकट खातो, ती ज्या समुद्रातून आली तिथलीच मासळी त्याने दिवसभर तळ्यात फेकलेली असते. पुस्तकातल्या एका लेखकाने हे फार शांतपणे नोंदवले आहे. मी इतका शांत राहू शकत नाही.

कोणी म्हणेल, गिरणी नसती तर ती मासळी पाण्यातच गेली असती. गेली असती, हे मान्य. गिरणीचा दोष वेगळा आहे. ती जात विचारत नाही, आकार विचारत नाही, ताजेपणा विचारत नाही; तिला फक्त वजन हवे. असे गिऱ्हाईक किनाऱ्यावर कायम उभे असले की नाखव्याला बारीक जाळे परवडू लागते. पूर्वी पिल्ले हा फेरीचा उपद्रव होता, आता ती डिझेलचा खर्च भागवतात. हीच पिल्ले वर्षभराने वाकटी, ढोमा, राणी म्हणून दसपट वजनाची मिळाली असती हे त्यालाही कळते. पण आपण सोडले तर शेजारचा धरेल, हेही त्याला कळते.

या कोड्यावर युरोपने काढलेला तोडगा आपल्या उलट दिशेचा आहे आणि विचार करायला लावणारा आहे. नॉर्वेने १९८७ मध्ये कॉड आणि हॅडॉक समुद्रात टाकायला बंदी केली. सापडले ते किनाऱ्यावर आणायचे, पण नियमाबाहेरच्या मासळीचे बरेचसे पैसे मच्छीमाराच्या हाती पडू द्यायचे नाहीत. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तसाच नियम केला आणि २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने लागू केला. त्यात एक पोटकलम आहे: ठरवलेल्या आकारापेक्षा लहान मासा किनाऱ्यावर आणायचा, मात्र माणसाला खायला विकायचा नाही. म्हणजे त्यांनी पिल्लांना मुद्दाम गिरणीकडे वळवले, कारण तिकडे गिरणीचा भाव बाजाराच्या भावापुढे काहीच नसतो. आपल्याकडे गिरणीचा भावसुद्धा मोह पाडायला पुरतो, म्हणून तो तोडगा जसाच्या तसा इथे चालणार नाही. पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. पिल्लाला भाव असता कामा नये, कोणाकडूनच नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असेही नाही. केरळने २०१५ मध्ये १४ जातींचे किमान आकार ठरवले आणि २०१७ मध्ये ही यादी ५८ जातींपर्यंत नेली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसेच केले. गुजरातच्या २००३ च्या कायद्यात ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे जाळ्याची भोके, सांगितलेले आहेत. शंकरपाळ्यासारखे आस ओढ बसली की मिटतात, चौकोनी आस उघडे राहतात आणि पिल्लू निसटते, इतका साधा त्यामागचा हिशेब. बंदरावर जाऊन किती जाळ्यांना असे शेपूट आहे ते बघितले की कायद्याचे वजन समजते. पुस्तकात कायद्यावरचे प्रकरण लहान आहे. मला ते योग्य वाटले.

दुर्लक्षित मासळीला माणसांकडूनच भाव आला तर काय होते, याची उदाहरणेही आपल्यापुढे आहेत, आणि ती सगळीच गोड नाहीत. केरळात एके काळी कोळंबी नारळाच्या मुळाशी खत म्हणून पडत असे. निर्यात सुरू झाली आणि साठच्या दशकात तिच्यामागे ट्रॉलरांची रांग लागली. माकूळ सत्तरच्या दशकापर्यंत गळाला लावायचे आमिष होते किंवा फेकायची वस्तू. आता नाखवा फेरीचा हिशेब माकळावर मांडतो. राणी मासा गुलाबी, देखणा, पण काटेरी आणि मऊ म्हणून मागे पडलेला. रत्नागिरीच्या गद्रे मरीनने नव्वदच्या दशकापासून त्याचा धुतलेला, काटे काढलेला गर, म्हणजे सुरिमी, करून परदेशी पाठवला. त्याच गरापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या होतात, ज्यांत खेकडा नावाला असतो. धंदा म्हणून हे काम अव्वल दर्जाचे आहे, यात शंका नाही. हलक्या मासळीला मोल देण्याचे इतके नेटके उदाहरण देशात फार नाही.

वाकटीची गोष्ट मात्र मला सलते. चांदीच्या पट्टीसारखा हा मासा पूर्वी किनाऱ्यावर मीठ लावून वाळवत आणि तो सरळ घाटावर, खान्देशात जाई. वांग्यात घातलेली सुकी वाकटी हा आमच्याकडे पाहुण्याला वाढायचा पदार्थ होता. चीनला गोठवलेली वाकटी हवी झाली, आणि बर्फात जपून आणलेला मोठा मासा थेट कारखान्यात जाऊ लागला. नाखव्याला चार पैसे जास्त मिळाले, ते त्याला मिळायलाच हवेत. पण लिंबायतच्या बाजारात आता येते ती वाकटी बोटाएवढी, आणि भाव पहिल्यासारखा राहिलेला नाही. म्हणजे ज्यांनी या माशाला दोन पिढ्या मोल दिले त्यांच्याच ताटातून तो गेला, आणि त्यांच्यासाठी उरली ती त्याची पिल्ले. ‘मूल्यवर्धन’ हा सरकारी शब्द ऐकला की मला ही वाकटी आठवते. मोल वाढले, पण कोणाच्या पदरात?

यातून काही करण्यासारखे आहे का? आहे, आणि त्यातले बरेचसे फार खर्चाचे नाही. जवळा वाळूवर किंवा सारवलेल्या जमिनीवर पसरण्याऐवजी कमरेइतक्या उंचीच्या मचाणावर जाळी ताणून वाळवला तर त्यात वाळू जात नाही, कुत्री-कावळे तोंड लावत नाहीत, आणि खालून-वरून हवा लागून तो लवकर वाळतो. कोचीची केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्था हे कित्येक वर्षे सांगत आली आहे. दाबून चपटा केलेला पाकिटबंद बोंबीलही तिनेच पुढे आणला. असा जवळा जास्त भावाने विकला जातो, आणि तो भाव वाळवणाऱ्या बाईला मिळतो, कारण वाळवणे अजून तरी बायकांच्याच हातात आहे. चोर बोंबील, ढोमा, राणी यांसारख्या काटेरी मासळीचा मांस-काटा वेगळा करणाऱ्या यंत्रातून खिमा निघतो. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत आणि कृषी विद्यापीठांत त्याचे वडे, शेव, नूडल्स सगळे करून झाले आहे. अडते ते दुकानापाशी. खिमा गोठवून ठेवायला शीतपेटी लागते, आणि ज्या वस्तीला तो परवडेल तिथल्या दुकानदाराकडे आइस्क्रीमची पेटी असते, मासळीची नसते. म्हणून सुकवणे हाच आपल्या हवामानाचा आणि आपल्या गिऱ्हाइकाचा मार्ग, असे माझे मत होत चालले आहे. ते पुस्तकातल्या सगळ्यांना मान्य नाही.

खऱ्या अर्थाने उरलेल्या गोष्टीही असतात: डोकी, आतडी, खवले, कोळंबीची टरफले. कोळंबीच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग सोलताना निघतो. त्यातून कायटिन आणि कायटोसान काढता येते, आणि ते औषधापासून पाणी शुद्ध करण्यापर्यंत कामाला येते. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेने मासळीबाजारातल्या कापाकापीच्या कचऱ्यापासून तळ्यासाठी आणि झाडांसाठी पोषक द्रव तयार केले आहे. याच संस्थेचे एक केंद्र सुरतेपासून जवळ, नवसारीत आहे, आणि इथल्या तळ्यांवर त्याची ये-जा असते. दळायचे असेल तर हे दळावे. डोक्यांना आणि आतड्यांना गिरणी हेच योग्य ठिकाण.

सगळ्यात अवघड प्रश्न बर्फाचाच राहतो. नाखव्याने पाचव्या दिवशी सापडलेल्या ढोम्याला बर्फ द्यावा असे वाटत असेल तर त्या ढोम्याचा भाव त्याला पाचव्या दिवशीच माहीत असावा लागतो. काही ठिकाणी फेऱ्या लहान करून पाहणे, मोठ्या ढोम्यांची निवड डेकवरच करून ती वेगळ्या खोक्यात ठेवणे, सुकवणाऱ्या बायकांच्या गटाने हंगामाआधीच भाव बांधून घेणे, अशा सूचना पुढच्या पानांत येतात. त्यातली तिसरी मला सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण त्यात गिऱ्हाईक गिरणीच्या आधी पोहोचते. पहिली सूचना डिझेलच्या भावापुढे टिकेल असे वाटत नाही.

वाचकांना दोन सावधगिरीच्या गोष्टी. या पुस्तकात केंड माशाची पाककृती नाही, आणि ती शोधूही नये. अंग फुगवणारा हा मासा अलीकडे जाळ्यात खूप येतो, पण त्याच्या काही जातींत जीव घेणारे विष असते. फेकलेली प्रत्येक गोष्ट खाण्यासारखी असते असा या पुस्तकाचा दावा नाही. दुसरे म्हणजे सुकी मासळी घेताना तिच्यावर माशी बसत नसेल तर खूश होण्याऐवजी संशय घ्यावा. कीड लागू नये म्हणून काही ठिकाणी तिच्यावर कीटकनाशक मारतात. वरच्या बाईसारखे डोक्याजवळ दाबून बघणे आणि ओळखीच्या विक्रेत्याकडून घेणे याला अजून पर्याय निघालेला नाही.

पाककृतींचा भाग संपादकांनी शेवटी टाकला आहे; मी तो आधी वाचायला सांगेन. त्यातली वांगी-वाकटी, जवळ्याची वडी आणि निवटीचे कालवण करून पाहिल्याखेरीज मधली प्रकरणे कोरडी वाटतील. मासळीच्या भुकटीवरचे प्रकरण तिच्या बाजूने लिहिलेले आहे आणि मेहनतीने लिहिलेले आहे. त्याच्याशी माझे कुठे पटत नाही ते वर आलेच आहे, आणि लेखकालाही मी ते कळवले आहे. त्याने उत्तरादाखल एक परिच्छेद वाढवला, तो त्या प्रकरणाच्या अखेरीस आहे. वाकटीच्या बाबतीत त्याला माझे म्हणणे मान्य आहे, कोळंबीच्या बाबतीत नाही.